मुलांची संसद आणि आपली परिपत्रके

प्राथमिक शाळेतल्या मुलांना नीट बोलायला, दुसऱ्याचे ऐकून घ्यायला आणि आपापसातले भांडण मिटवायला शिकवले पाहिजे, याबद्दल आता कुणाचेच दुमत उरलेले नाही. कोणत्याही राज्याच्या शिक्षण खात्याचे कागद उघडा, 'जीवनकौशल्ये' हा शब्द सापडतोच. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात जी दहा कौशल्यांची यादी केली, ती थोड्याफार फरकाने सगळीकडे फिरते आहे. तिच्यात संवाद आहे, समानुभूती आहे, भावनांना आवर घालणे आहे. वाद आहे तो हे शिकवायचे कसे याबद्दल, आणि तो वाद फारसा कुणी घालत नाही. प्रशासनात एखाद्या गोष्टीवर एकमत झाले की तिची एक तासिका ठरते, एक पुस्तिका छापली जाते आणि एक प्रपत्र निघते. भांडण मिटवण्याची कला अशी तासिकेत मावते का, हा प्रश्न विचारायचा तर इतिहासात थोडे मागे जावे लागते. नोकरीच्या निमित्ताने मी जयपूरला राहते, त्यामुळे या इतिहासातले एक महत्त्वाचे पान माझ्यापासून जेमतेम शंभर किलोमीटरवर आहे. पण तिथे पोचण्याआधी बरेच काही सांगायचे आहे.

सुरुवात मुलांपासूनच करू, कारण शाळेत जाण्याच्या आधीपासून मुले भांडतात आणि आपली भांडणे मिटवतातही. मराठी मुलांच्या खेळात ज्याच्यावर पकडण्याची पाळी येते, त्याच्यावर 'राज्य' येते. सरकारी नोकरीत इतकी वर्षे काढल्यावर मला या शब्दप्रयोगाची गंमत अधिकाधिक कळू लागली आहे. मोठ्यांची सगळी धडपड राज्य मिळवण्यासाठी, तर मुलांची ते लवकरात लवकर दुसऱ्यावर ढकलण्यासाठी. राज्य कुणावर हे ठरवण्यासाठी मुले चकतात. धाप लागली किंवा चपलेचा अंगठा तुटला तर 'टाइम प्लीज' म्हणून तहकुबी मागता येते आणि ती नाकारली जात नाही. कुणाचे धाकटे भावंड मागे लागले तर त्याला 'लिंबूटिंबू' म्हणून घेतात: ते खेळते, पण त्याच्यावर राज्य येत नाही. कुणी फारच रडीचा डाव खेळला तर त्याच्याशी कट्टी, आणि दुसऱ्या दिवशी गट्टी. इकडे हिंदी भागात कट्टी मोडताना मुले 'अब्बा' म्हणतात. आमच्या वसाहतीतली मराठी मुले दोन्ही भाषांत कट्टी घेतात आणि दोन्ही भाषांत सोडतात. म्हणजे सोडत, तहकुबी, दुर्बलांसाठी सवलत, बहिष्कार आणि समेट अशी एक पूर्ण न्यायव्यवस्था मुलांच्या हाती असते, आणि ती त्यांना कुणीही शिकवलेली नसते.

ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने गोट्या खेळणाऱ्या मुलांशी बोलून १९३२ साली मुलांच्या नीतिविचारावर एक ग्रंथ लिहिला. लहान मुलाला खेळाचा नियम वाडवडिलांकडून आलेला, न बदलणारा वाटतो. दहा-अकरा वर्षांच्या सुमाराला त्याला कळते की सगळ्यांनी मिळून ठरवले तर नियम बदलता येतो. ही समज मोठ्यांच्या उपदेशातून येत नाही, बरोबरीच्या सोबत्यांशी वाद घालण्यातून येते, असे पियाजेचे म्हणणे. ते मान्य केले तर शाळेपुढचा प्रश्न बदलतो. मुलांना भांडण मिटवायला शिकवायचे कसे, याच्याऐवजी विचारावे लागते की मैदानावर जे त्यांना येते ते वर्गात का येत नाही.

याचे एक उत्तर मद्रासेत सापडते. डॉ. अँड्र्यू बेल हे स्कॉटिश पाद्री १७८९ मध्ये मद्रासच्या लष्करी अनाथाश्रमाचे अधीक्षक झाले. युरोपीय सैनिकांची आणि देशी स्त्रियांची मुले तिथे असत. गावठी शाळेत मुले वाळूत अक्षरे गिरवतात आणि पुढची मुले मागच्यांना शिकवतात, हे त्यांनी पाहिले आणि आपल्या आश्रमात तीच पद्धत सुरू केली. आठ वर्षांच्या मुलाला त्यांनी वर्गाचा गुरू केले. १७९७ साली लंडनला छापलेल्या त्यांच्या अहवालातला हा भाग प्रसिद्ध आहे. त्यातला दुसरा भाग सहसा कुणी सांगत नाही. आश्रमात अपराधांची एक काळी वही असे. आठवड्यातून एकदा ती सर्वांसमोर वाचली जाई, आणि कुणाचे काय चुकले, त्याचे काय करायचे, हे मुलांतून निवडलेले पंच ठरवीत. मुलांच्या हाती दिलेली ही न्यायसभा सव्वादोनशे वर्षांपूर्वीची आणि आपल्याच भूमीवरची आहे.

पुढे काय झाले ते कोणत्याही प्रशासकाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. ही पद्धत इंग्लंडला गेली. तिथे जोसेफ लँकेस्टर यांनी तिचाच एक स्वस्त आणि प्रचंड अवतार काढला: एक मास्तर, शेकडो मुले, मधे मॉनिटर. शिक्षेसाठी त्यांनी मुलाला टोपलीत घालून छताला टांगण्यासारखे लाजिरवाणे प्रकार योजले. १८२० च्या दशकात मुंबई इलाख्यात शाळा काढणाऱ्या नेटिव्ह स्कूल सोसायटीने ही मॉनिटरची पद्धत उचलली, कारण ती खर्चात बसत होती. मद्रासेहून निघालेली गोष्ट अशी विलायतेचा फेरा करून मुंबईला आली. वाटेत पंच गळाले, मॉनिटर उरला. आजही आपल्या वर्गांत तो आहे. मास्तर बाहेर गेले की तो फळ्यावर एक रेघ मारतो आणि 'बोलणाऱ्यांची नावे' लिहितो. वाचकांपैकी बहुतेकांचे नाव कधी ना कधी त्या यादीत लागले असेल. ज्या वर्गात बोलणे हाच नोंदला जाणारा अपराध आहे, त्या वर्गात संवादकौशल्याची तासिका ठेवली तर तिचा उपयोग काय होणार?

बेल यांच्या काळ्या वहीची दुसरी, कितीतरी अधिक खोल आवृत्ती वॉर्सात निघाली. यानुश कोर्चाक हे पोलिश ज्यू डॉक्टर १९१२ पासून तिथे अनाथ मुलांचे गृह चालवीत. त्यांच्या गृहात मुलांचे न्यायालय होते. कोणतेही मूल कुणाविरुद्धही फिर्याद लावू शके, आणि न्यायाधीश मुलेच असत. त्यांच्या दंडसंहितेतली गोष्ट मला फार आवडते: पहिली ९९ कलमे क्षमेची आहेत. फिर्याद मागे घेतली, नकळत झाले, पुन्हा होणार नाही असे वाटते, अशी ती कलमे. खरा दोष १०० पासून सुरू होतो, टप्प्याटप्प्याने वाढतो आणि १००० व्या कलमाला गृहातून काढून टाकण्याची तरतूद आहे. स्वतः कोर्चाक सहा महिन्यांत पाच वेळा या न्यायालयापुढे आरोपी म्हणून उभे राहिले. एकदा मुलाच्या कानशिलात मारल्याबद्दल, एकदा एका मुलीवर चोरीचा संशय घेतल्याबद्दल. आपल्याकडच्या वाचकांना कोर्चाक ठाऊक असतात ते टागोरांच्या 'डाकघर'मुळे. जुलै १९४२ मध्ये वॉर्साच्या बंदिस्त वस्तीत त्यांनी हे नाटक मुलांकडून करवून घेतले, आणि ऑगस्टमध्ये ते आपल्या मुलांसह ट्रेब्लिंकाच्या छळछावणीत मारले गेले. पण त्यांच्या मृत्यूच्या कथेत त्यांचे हे न्यायालय झाकून जाऊ नये. मुलाच्या तक्रारीवर मोठ्या माणसालाही उत्तर द्यावे लागते, ही त्याची खरी ताकद होती.

महाराष्ट्रातही याच्या जवळ जाणारा प्रयोग झाला, तो सेवाग्रामला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन समिती नेमली गेली आणि आर्यनायकम दांपत्याच्या देखरेखीखाली नई तालीमची शाळा उभी राहिली. सूतकताई आणि हस्तव्यवसाय यांच्याबद्दल आपण खूप ऐकले आहे. पण त्या शाळेत स्वयंपाक, सफाई, पाणी, शेती ही कामे मुलांनी निवडलेल्या मंत्र्यांकडे होती आणि मंत्र्यांना आमसभेपुढे हिशेब द्यावा लागे, याकडे शिक्षणतज्ज्ञांचे सुद्धा फारसे लक्ष गेले नाही. भाकरी कच्ची राहिली तर त्यावरून होणारा वाद खरा असतो, कारण ती भाकरी सगळ्यांना खायची असते. नई तालीम सरकारी योजना झाली तेव्हा शाळाशाळांतून टकळ्या वाटल्या गेल्या. आमसभा वाटता येत नाही.

माझे शिक्षण अर्थशास्त्राचे आहे, त्यामुळे या ठिकाणी मला एलिनॉर ऑस्ट्रॉम आठवतात. अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री, साल २००९. सामाईक कुरण, सामाईक पाणी, सामाईक जंगल यांचा लोक नाश करतात, म्हणून ते एक तर सरकारने ताब्यात घ्यावे किंवा कुणाच्या तरी मालकीचे करावे, असे अर्थशास्त्रात दीर्घकाळ मानले जाई. ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की स्वित्झर्लंडपासून जपानपर्यंत कित्येक ठिकाणी लोकांनी शतकानुशतके सामाईक गोष्टी नीट सांभाळल्या आहेत. तिथे काय समान होते? नियम वापरणाऱ्यांनीच केलेले होते. शिक्षा हळूहळू चढत जाणारी होती. आणि भांडण मिटवण्याची जागा जवळची, लवकर निकाल देणारी आणि फुकटासारखी होती. स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया शहरात कालव्याच्या पाण्याचे तंटे सोडवणारे न्यायालय दर गुरुवारी कॅथेड्रलच्या दाराशी भरते. न्यायाधीश शेतकरीच, कामकाज तोंडी. ज्यांनी राजस्थानात गावची नाडी आणि ओरण पाहिले आहे, त्यांना हे परके वाटणार नाही.

मुलांच्या दृष्टीने वर्ग ही अशीच सामाईक मिळकत आहे. खिडकीजवळची जागा, एकच चेंडू, हापशावरची रांग, शिक्षकाचे लक्ष, हे सगळे मर्यादित आणि सगळ्यांचे. मुलांची भांडणे बहुतेक याच गोष्टींवरून होतात. शिवाय मुलाला शाळा सोडून जाता येत नाही. ग्राहक दुकान बदलतो, मोठा माणूस नोकरी बदलतो. तिसरीतल्या मुलापुढे दोनच मार्ग उरतात, गप्प बसणे किंवा मारणे. तिसरा मार्ग आहे तो बोलण्याचा, पण बोलल्याने काही बदलते असा अनुभव आल्याशिवाय तो मार्ग कुणी धरत नाही. मूल तरी का धरेल?

आता तिलोनिया. जयपूर-अजमेर लोहमार्गावर हे छोटे स्टेशन आहे, अजमेर जिल्ह्यात. १९७२ साली बंकर रॉय यांनी इथल्या एका ओस पडलेल्या क्षयरोग रुग्णालयाच्या आवारात समाजकार्य व संशोधन केंद्र काढले. पुढे ते 'बेअरफूट कॉलेज' म्हणून जगभर ओळखले गेले. आमच्या सेवेतल्या लोकांना तिलोनिया आणखी एका कारणाने माहीत असते: अरुणा रॉय आयएएसचा राजीनामा देऊन आधी इथेच आल्या आणि १९८३ पर्यंत इथे होत्या. १९७५ पासून केंद्राने रात्रशाळा सुरू केल्या. कारण साधे होते. दिवसा मुले, त्यातही मुली, शेळ्या राखत, धाकट्यांना सांभाळत, पाणी भरत. शाळेच्या वेळेला ती मोकळी नसत, म्हणून मुलांच्या वेळेला शाळा. शिक्षक गावातलेच, फार न शिकलेले तरुण. उजेड आधी कंदिलाचा, नंतर सौर दिव्याचा. पाठ्यपुस्तकाबरोबर जमीन कशी मोजावी, जनावर आजारी पडले तर काय करावे, पोलिसांनी पकडले तर आपले हक्क कोणते, हेही शिकवले जाई.

१९९३ मध्ये या रात्रशाळांतल्या मुलांची बाल संसद सुरू झाली. योगायोग असा की त्याच्या आदल्याच डिसेंबरात, ११ डिसेंबर १९९२ ला, भारताने संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार स्वीकारला होता, ज्याच्या १२ व्या कलमात आपल्याशी संबंधित बाबींत मुलाचे म्हणणे ऐकून घेतले जाण्याचा हक्क आहे. दिल्लीत करारावर सही झाली म्हणून तिलोनियात निवडणूक झाली असे मी म्हणणार नाही. असे सहसा घडत नाही. बाल संसदेत सहा ते चौदा वर्षांची मुले मतदार असत. मतदान गुप्त. निवडून आलेल्यांतून पंतप्रधान आणि शिक्षण, ऊर्जा, आरोग्य असे मंत्री निवडले जात. दिवसा शेळ्या राखणारी मुलगी संध्याकाळी मंत्री होई. मंत्र्यांचे काम भाषण करण्याचे नव्हते, शाळा तपासण्याचे होते: शिक्षक वेळेवर येतो का, दिवा लागतो का, पाणी आहे का, पाट्या पुरतात का. नसेल तर ते संस्थेच्या लोकांना आणि गावाला विचारले जाई, आणि मोठ्यांना उत्तर द्यावे लागे. २०११ मध्ये केलेल्या एका भाषणात बंकर रॉय यांनी १५० शाळा आणि ७००० मुले असा आकडा सांगितला होता. त्याच भाषणात त्यांनी बारा वर्षांच्या पंतप्रधान मुलीची गोष्ट सांगितली. पुरस्कार घ्यायला ती स्वीडनला गेली तेव्हा तिथल्या राणीला तिच्या आत्मविश्वासाचे नवल वाटले आणि तो कुठून आला असे तिने विचारले. मुलीचे उत्तर एवढेच, की त्यांना सांगा, मी पंतप्रधान आहे.

ही गोष्ट ऐकून श्रोते हसतात. मला तिच्यातला अर्थशास्त्राचा मुद्दा महत्त्वाचा वाटतो. आत्मविश्वास तिला कुणी पुस्तिकेतून शिकवला नव्हता, तिच्याकडे खाते होते. आणि ज्याच्याकडे खाते असते त्याला बोलावेच लागते. दिवा बिघडला तर तो बिघडला आहे असे मोठ्या माणसासमोर न घाबरता, न रडता, न ओरडता सांगावे लागते. एकच दिवा असेल तर त्याच्याजवळ कुणी बसायचे याचा निवाडा करावा लागतो, आणि तो असा करावा लागतो की पुढच्या निवडणुकीत मते मिळतील. ज्याला आपण 'संवाद आणि संघर्ष-निराकरण' असे जड नाव दिले आहे, ते तिथे मंत्रिपदाच्या रोजच्या कामाचा भाग म्हणून येत होते. मुली बहुसंख्य असणाऱ्या शाळांत, वेगवेगळ्या जातींची मुले एका दिव्याभोवती बसलेली असताना हे होत होते, याचे मोल राजस्थान ज्यांना ठाऊक आहे त्यांना वेगळे सांगायला नको. याच भागात, शेजारच्या पाली जिल्ह्यातल्या कोटकिराना गावी २ डिसेंबर १९९४ ला मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनवाई घेतली आणि तिथून माहितीच्या अधिकाराची वाट निघाली. मोठी माणसे सरकारला जो प्रश्न विचारू लागली, जवळपास तोच प्रश्न, पैसे आले तर काम कुठे आहे, मुले एक वर्ष आधीपासून आपल्या शाळेबद्दल विचारत होती.

जयपूर शहराच्या कडेला जगतपुऱ्याच्या बाजूला 'दिगंतर'ने वेगळ्या अंगाने हेच केले. रोहित धनकर आणि रीना दास यांनी १९७८ मध्ये ही शाळा सुरू केली. दोघे डेव्हिड हॉर्सबरो यांच्याकडे, कर्नाटकातल्या कोलार जिल्ह्यातल्या नीलबाग शाळेत शिकून आले होते. शिक्षा नाही, परीक्षा नाही, वर्गवार बाकडी नाहीत. वेगवेगळ्या वयांची मुले एका गटात आपापल्या गतीने शिकतात. स्पर्धा काढून टाकली की भांडणे संपतात असे नाही, पण निदान शाळेने स्वतः निर्माण केलेली भांडणे कमी होतात. पहिला कोण आणि ढ कोण हे भांडण शाळाच लावते, हे आपण सहसा विसरतो.

इथे मला एक शंका मांडली पाहिजे, कारण ती बाजूला ठेवून या विषयावर लिहिणे प्रामाणिक होणार नाही. सगळी भांडणे मिटवायची असतात का? ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमराव आंबेडकरांचे नाव दाखल झाले. महाराष्ट्रात २०१७ पासून हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. साताऱ्याच्या दिवसांबद्दल बाबासाहेबांनी पुढे लिहून ठेवले आहे की त्यांना वर्गात वेगळे, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे, आणि नळाला हात लावण्याची मुभा नसल्याने शिपायाने तोटी सोडली तरच पाणी मिळे. शिपाई नसेल त्या दिवशी तहान तशीच. या मुलाला संवादकौशल्य शिकवायचे म्हणजे काय शिकवायचे? शांतपणे विनंती कर? समोरच्याच्या भावना समजून घे? त्या वर्गात भांडण नव्हतेच. फळ्यावर बोलणाऱ्यांच्या नावांत त्याचे नाव नसणार. बाहेरून पाहणाऱ्या निरीक्षकाला तो अतिशय शिस्तीचा, सलोख्याचा वर्ग दिसला असता. म्हणून केवळ 'भांडणे कमी झाली' हे या शिक्षणाच्या यशाचे माप धरण्याची मला भीती वाटते. काही भांडणे व्हायला हवीत, आणि ती उघडपणे, सगळ्यांच्या देखत, मारामारी न करता व्हायला हवीत. त्यासाठीच संसद लागते.

शिक्षण हक्काचा कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी केली. २९ व्या कलमात मुलाला भयमुक्त ठेवावे आणि आपले मत मोकळेपणाने मांडायला मदत करावी असे स्वच्छ लिहिले आहे. हे मोठेच पाऊल. पण कायद्याला जोडलेली अनुसूची पाहा: बारमाही इमारत, शिक्षकागणिक वर्गखोली, स्वच्छतागृह, मैदान, कुंपण. जे मोजता येते ते तिथे आहे. मत मांडणे तिथे नाही. २१ व्या कलमातल्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया हव्यात अशी उत्तम तरतूद आहे, पण सदस्यांच्या व्याख्येत मुले कुठेच नाहीत.

महाराष्ट्रात शांतिलाल मुथ्था फाउंडेशनने २००९ मध्ये बीड जिल्ह्यात 'मूल्यवर्धन' सुरू केले आणि पुढे राज्य शासनाबरोबर ते जिल्हा परिषदांच्या प्राथमिक शाळांत मोठ्या प्रमाणावर पसरले. जोडीत बोलणे, गटात काम करणे, वर्गाचे नियम मुलांनीच ठरवणे, भांडण झाले तर काय करता येईल याचा विचार, अशा कृती त्यात आहेत. सरकारी शाळेच्या चौकटीत राहून, सरकारी शिक्षकांकडून एवढे करून घेणे सोपे नाही आणि मला त्याचे मनापासून कौतुक आहे. माझा प्रश्न पुढचा आहे. मुलांनी वर्गात केलेला नियम वर्गाच्या दाराबाहेर, म्हणजे हापशावर, शाळेच्या जेवणाच्या पंगतीत आणि मास्तरांच्या टेबलापर्यंत पोचतो का?

कामाच्या निमित्ताने केंद्रीय योजनांचा निधी कसा खर्च होतो ते पाहायला मी गावोगाव जाते. शिक्षण हे माझे खाते नाही, पण वाटेत सरकारी प्राथमिक शाळा लागतातच. बऱ्याच शाळांच्या भिंतीवर आता बाल संसदेचा फलक रंगवलेला असतो. पंतप्रधान, स्वच्छता मंत्री, आरोग्य मंत्री, पुढे नावे. आपल्याकडच्या शालेय मंत्रिमंडळासारखेच. एका शाळेत फलकावरचा पंतप्रधान दोन वर्षांपूर्वी गाव सोडून गेला होता, आणि रंगाऱ्याला पुन्हा बोलवायला तरतूद नसल्याने पदावर कायम होता.

तपासणीच्या प्रपत्रात एक रकाना आहे: बाल संसद गठित आहे काय, होय किंवा नाही. एका बैठकीत मी सुचवले की त्याच्या शेजारी आणखी एक रकाना घ्यावा: गेल्या सहा महिन्यांत मुलांच्या सांगण्यावरून शाळेत कोणती गोष्ट बदलली? सहकारी सज्जन होते, त्यांनी टिपून घेतले. मग म्हणाले, "मॅडम, इस कॉलम का टोटल कैसे होगा?" त्यांचे चुकले असे मी म्हणत नाही. जिल्ह्याचा गोषवारा राज्याला आणि राज्याचा दिल्लीला जातो. ज्याची बेरीज होत नाही ते वर चढत नाही.

रकाना काही झाला नाही, पण तेव्हापासून मी शाळेत गेले की हा प्रश्न तोंडीच विचारते, मास्तरांना नाही, मुलांना. बहुतेक ठिकाणी मुले आधी मास्तरांकडे पाहतात. गेल्या हिवाळ्यात एका गावी चौथीतली एक मुलगी मात्र मास्तरांकडे न पाहता बोलू लागली. मधल्या सुट्टीत मोठी मुले हापसा अडवून बसत, लहानांना पाणी मिळत नसे, रोज ढकलाढकली होई. मग मुलांनी ठरवले की पहिलीची मुले आधी पिणार, आणि जो हापसेल तो त्या दिवशी सगळ्यांत शेवटी पिणार, पण दुसऱ्या दिवशी त्याचा नंबर पहिला. कोण हापसणार हे कसे ठरवता, असे मी विचारले. ती म्हणाली, त्याची पाळी लावली आहे, मुलींचीही. आणि कुणी ऐकले नाही तर? तर त्याच्यासाठी कुणी हापसत नाही. हेडमास्तर माझ्याइतक्याच कुतूहलाने ऐकत होते. त्यांनी बाल संसदेचे रजिस्टर आणून दाखवले. त्या महिन्याच्या बैठकीपुढे सुवाच्य अक्षरात लिहिले होते: वृक्षारोपण व स्वच्छता यांवर चर्चा झाली, सर्व सदस्य उपस्थित.